पंखाचा वाटा

आमच्या घरात कोणाला निरोप द्यायचा तर तो तोंडाने देत नाहीत. नोव्हेंबरात सेंट मार्टिनच्या सणाला हंस भाजतात, घरची बाई सुरी हातात घेते आणि ज्याच्या ताटात पंखाचा तुकडा पडतो तो समजतो, की पुढच्या सणाला आपण या टेबलाशी नसणार. नवीन मालक धरलेला गडी, लग्न ठरलेली मुलगी, कसब शिकून परगावी निघालेला कारागीर, या सगळ्यांना पंख. राहणाऱ्यांना बाकीचा हंस. त्या वर्षी जाणारं कोणीच नसेल तर दोन्ही पंख परत भांड्यात जातात आणि दुसऱ्या दिवशीच्या सुपात उतरतात. कितीही भूक असली तरी गंमत म्हणूनसुद्धा कोणी त्यांना हात लावत नाही.

माझ्या सासूबाईंनी, आपोलेनाबाईंनी, त्या टेबलावर अख्ख्या गावाला पुरतील एवढे पंख वाढले. त्यांना स्वतःला मात्र एकही कधी मिळाला नव्हता.

मिळणार कसा? आमचं घर खोगीर शिवणाऱ्यांचं. आजेसासूबाई सालोमेना यांना ही एकच मुलगी. दुकान, गोठा, मागची बाग सगळं तिच्या नावावर होणार, म्हणून तोबियाश नावाचा एक गुणी, मुखदुर्बळ कारागीर घरजावई करून आणला. लग्न झालं तेव्हा मुलगी खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर गेली, एवढंच तिचं सासर. लग्नाच्या आदल्या मार्टिनला घरी कामाला असलेल्या बरोबरीच्या दोन मुलींच्या ताटांत पंख पडले आणि आपोलेनाच्या ताटात छातीचा सगळ्यात चांगला तुकडा. ती म्हणे टेबलावरच रडली. सगळ्यांना वाटलं, आनंदाने रडते आहे.

आमच्या मोरावियातलं ओलोमोउत्स शहर घरापासून गाडीने एका दिवसाच्या वाटेवर. तिथेसुद्धा सासूबाई कधी गेल्या नव्हत्या. दर वेळी निघायचं ठरे आणि दर वेळी काहीतरी आडवं येई. गाय व्यायला झालेली असे, नाहीतर कोबी आंबायला घातलेला असे आणि त्याच्यावरचं झाकण दुसऱ्या कोणाला धड दाबता येत नसे. मग त्या दारात उभ्या राहून गाडीवाल्यांना विचारत बसायच्या. त्रिएस्त बंदरावरून मीठ लावलेली कातडी यायची. ती उतरवताना सासूबाई एक कातडं उचलून नाकाशी धरत आणि गाडीवाल्याला म्हणत, "समुद्र पाहिलास?"

"पाहिला की, बाई."

"कसा असतो?"

"ओला."

या उत्तरावर त्या दिवसभर चिडून असायच्या.

आता जनरलची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय सासूबाईंची सांगता येत नाही, कारण तो जनरल झाला तो आमच्या गोठ्यामुळे.

सासूबाईंच्या लग्नाला एक वर्षही झालं नव्हतं तेव्हा व्हिएन्नाच्या महाराणीच्या घोडदळाची एक पलटण थंडी काढायला गावात उतरली. घराघरात एकेक स्वार आणि एकेक घोडा वाटून दिला. स्वाराला बिछाना, मीठ, सरपण आणि उजेड घरच्यांनी द्यायचा, घोड्याला गोठ्यात जागा. आमच्या वाट्याला एक निशाणबरदार आला. लालसर केस, हाडं दिसतील एवढा बारीक, मिशी अजून फुटायची होती. आयर्लंड नावाच्या बेटावरचा. तिथल्या राजाचा धर्म वेगळा, त्यामुळे यांच्यासारख्यांना ना जमीन ना हुद्दा. म्हणून घरोघरचे धाकटे मुलगे दुसऱ्यांच्या राजांकडे तलवारी घेऊन नोकरी करत. याने आमच्या महाराणीची धरली होती.

सालोमेनाआजींनी त्याला नाव विचारलं.

"टर्लो," तो म्हणाला.

आजींनी मनातल्या मनात सगळे संत मोजले. "हा कुठला संत?"

असा संतच नव्हता. आमच्याकडे माणसाचा वाढदिवस कोणी करत नाही, ज्या संताचं नाव असेल त्याच्या दिवशी त्याचं कौतुक होतं. ज्याला संतच नाही त्याला गोड कधी खाऊ घालायचं? आजींनी लगेच निकाल लावला. चर्चमधल्या चित्रातला मार्टिनही परमुलखातला, सैन्यातला आणि घोड्यावर बसलेला. "आजपासून तू मार्टिन," त्या म्हणाल्या. "हात धू आणि बस."

त्या वर्षीच्या सणाला त्याच्या ताटात पंख पडला. सैनिकाला नेहमी पंखच, तो जाणारच असतो. त्याला वाटलं, आपण परके म्हणून आपल्याला हाडकं दिली. निमूटपणे सगळं चावून खाल्लं बिचाऱ्याने. जेवणानंतर आपोलेनाने त्याला अंगणात नेलं, पंखाच्या हाडाकडे बोट दाखवलं, मग त्याच्याकडे, आणि दोन्ही हात फडफडवत फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत पळत गेली. शेजारीण क्रेसेन्सा, पाववाल्याची बायको, खिडकीतून बघत होती. खोगीरवाल्याच्या नव्या नवरीला वेड लागलं, असं दुसऱ्या दिवशी गावभर झालं. पण मार्टिनला समजलं.

आमची भाषा तो शिकला ती या दोघींकडून, स्वयंपाकघरात लसूण सोलता सोलता. त्यामुळे बोलायचा बायकांसारखा. "मी आले गं", "मी जेवले हं". पुढे जनरल झाल्यावरही ती सवय सुटली नाही. मोरावियातल्या शिपायांना तो ओरडून सांगे, "मी दमले नाही, तुम्ही कसे दमलात?" आणि शिपाई ओठ चावून हसू दाबत. कोणी कधी त्याला सुधारलं नाही. आमचे लोक असेच, चांगली गंमत फुकट घालवत नाहीत.

त्याच्याबरोबर नोरा नावाची घोडी होती. सासूबाईंना माणसांपेक्षा जनावरांचा पहिल्यापासून जास्त लळा. चर्चची संध्याकाळची घंटा झाली की कोमट पाण्यात कालवलेला कोंडा, गाजराच्या साली आणि उरलेला एखादा खसखशीचा पाव त्या नोराला घालत. पूर्ण थंडीभर एकही दिवस चुकला नाही. नोराला सवय लागली. घंटेचा पहिला ठोका पडला की ती असेल तिथून गोठ्याकडे वळायची. एकदा क्रेसेन्साच्या वाळत घातलेल्या चादरी घेऊन वळली.

वसंतात पलटण गेली आणि प्रशियाच्या राजाशी लढाई जुंपली. मार्टिनच्या तुकडीला हुकूम होता, ओढ्याकाठच्या झाडांमागे थांबायचं आणि सांगितल्याशिवाय हलायचं नाही. समोरच्या खेड्यात शत्रू बसला होता. दुपार गेली, ऊन उतरलं आणि त्या खेड्यातल्या भाबड्या घंटावाल्याने लढाई असो नसो, रोजच्या वेळी घंटा वाजवली. नोराने कान टवकारले आणि ती निघाली.

"मी लगाम ओढला," मार्टिन सांगायचा. "मी देवाचं नाव घेतलं. मी तुझंही नाव घेतलं, आपोलेना, चांगलं नव्हतं घेतलं."

निशाण त्याच्याच हातात होतं. निशाण पुढे गेलं आणि तुकडी मागे राहिली, तर तुकडीची अब्रू गेली. त्यामुळे सगळेच्या सगळे स्वार शिव्या घालत त्याच्या मागे सुटले. शत्रू नेमका सूप पीत बसला होता. बंदुका भिंतीला टेकवलेल्या, चमचे हातात. खेडं घेतलं. नोरा थेट एका गोठ्यात शिरली आणि तिथल्या गव्हाणीत तोंड घालून उभी राहिली. कर्नल घोडा फेकत आला तो गोळी घालायलाच, पण खेडं आपलं झालेलं बघून त्याने मार्टिनच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. मार्टिन लेफ्टनंट झाला. त्याच्या धाडसाची गोष्ट म्हणे व्हिएन्नापर्यंत गेली. कोंड्याची गोष्ट मात्र आमच्या टेबलापलीकडे गेली नाही.

त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी, कधी पलटणीबरोबर, कधी रजा काढून एकटाच, तो मार्टिनच्या सणाला यायचा. दर वेळी हुद्दा एक पायरी वर आणि अंगातलं काहीतरी कमी. कॅप्टन होऊन आला तेव्हा डावा कान अर्धा होता. सासूबाईंनी दिव्याजवळ नेऊन बघितला. "ऐकू येतं ना? मग कशाला तोंड पाडतोस? टोपी तिरकी घाल." मेजर होऊन आला तो तुर्की सरहद्दीवरून, तापाने पिवळा पडलेला. त्याला मागच्या खोलीत निजवून महिनाभर जिऱ्याचं सूप पाजलं. कर्नल होऊन आला तेव्हा गुडघा वाकत नव्हता, म्हणून तोबियाशमामंजींनी त्याच्यासाठी वेगळं खोगीर बेतलं, एका बाजूला जरा झुकतं. दोघं दुकानात तासन्‌तास बसायचे. मामंजींच्या ओठात सुया, त्यामुळे बोलणं सगळं याचंच. मामंजी मान हलवायचे. दोघांची फार मैत्री होती.

जनरल होऊन आला तेव्हा गावच्या पंचांनी कमान उभारली आणि भाषण तयार ठेवलं. हा मागच्या गल्लीने आला. सालोमेनाआजींचा नियम होता, चिखलाचे बूट पुढच्या दारातून आणायचे नाहीत, आणि आजी जाऊन किती वर्षं झाली तरी तो अंगवळणी पडला होता. कमानीखाली पंच कुडकुडत उभे आणि जनरल आमच्या स्वयंपाकघरात मोज्यांवर.

सुरी तेव्हा सासूबाईंच्या हाती आली होती. सगळ्यांना वाटलं, निदान आज तरी जनरलला तंगडी मिळेल. त्यांनी पंख वाढला.

"अजून पंखच?" तो म्हणाला.

"उद्या जाणार की नाही?"

"परवा."

"मग खा."

लग्न त्याने केलं नाही. व्हिएन्नात एका सरदाराच्या मुलीशी जुळत आलं होतं, पण तिच्या बापाने विचारलं, आई-बाप दोन्हीकडचे मिळून सोळा पूर्वज खानदानी असल्याचं दाखवता का? "मला चारच माहीत होते," तो सांगायचा, "त्यातला एक गुरं चोरायचा. पण फार नामांकित चोर होता. तेवढ्यावर भागेना."

मामंजी छातीच्या दुखण्याने गेले त्या वर्षी तो आला आणि सबंध दिवस दुकानात त्यांच्या रिकाम्या बाकाशेजारी बसून राहिला. त्या दिवशी एक शब्द बोलला नाही. मीही त्याला पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हाच, नवी नवरी असताना.

मी रोझिना, त्यांच्या शिमोनची बायको. माझं आणि सासूबाईंचं वाईट कधी नव्हतं, पण एका चुलीशी दोघी म्हणजे काय ते ज्या बायकांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. मी कोबीत घातलेलं मीठ त्यांना कमी वाटायचं. त्या मी झोपल्यावर आणखी घालायच्या, मी त्या उठायच्या आत पाणी घालायचे. घरचे बाकीचे पाहुण्यांसारखे मुकाट्याने खायचे. मग एका वसंतात रीतीप्रमाणे त्यांनी घर आमच्या हवाली केलं. दूध, सरपण, बागेतली दोन झाडं आणि मागची खोली त्यांच्याकडे राहिली. चाव्या माझ्याकडे आल्या, सुरीही आली. किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवताना त्या म्हणाल्या, "आता घर तुझं." आणि लगेच, "तळघराची कडी वर उचलून लावावी लागते." त्यानंतर उन्हाळाभर त्या रोज संध्याकाळी तळघराची कडी बघायला येत.

त्याच वर्षी मार्टिनच्या आदल्या दिवशी जनरल आला. या वेळी घोड्यावर नाही, गाडीतून. गाडीवर दोन मोठ्या पेट्या होत्या. नोकरी संपली होती. महाराणीने पदक दिलं, निवृत्तीचं वेतन बांधून दिलं आणि आता यांनी कुठेही जावं, अशी मोकळीक दिली. कुठेही म्हणजे कुठे, हे मात्र कोणी सांगितलं नाही.

मी ओट्याशी पावाचं पीठ मळत होते. सासूबाई हंसाच्या पोटात सफरचंदं भरत होत्या. तो नेहमीच्या स्टुलावर बसून लसूण सोलत होता. माझ्यासमोर बोलू नये असं त्यांना वाटलं नाही. सुनेला कान असतात, हे आमच्याकडे कोणाच्या लक्षातच येत नाही.

"आपोलेना," तो म्हणाला, "या वर्षी पंख नको गं."

"का? दात गेले?"

"चाळीस वर्षं मी जातेच आहे. आता मला कुठेतरी राहायचंय. पुलापलीकडचं हातमोजेवाल्याचं घर रिकामं आहे. मी येताना बघून आले. धुराडं चांगलं ओढतं."

"मग घे."

"एकटी काय करू तिथे? तू चल. लग्न करू. फादरना मी विचारलं. सेंट कॅथरिनच्या दिवसाच्या आत, म्हणजे पंधरा दिवसांत उरकायला हवं, नंतर नाताळाआधीची व्रतं लागतात, मग चर्च लग्न लावत नाही."

सासूबाईंच्या हातातलं सफरचंद तसंच राहिलं. मी पीठ मळणं थांबवलं नाही, फक्त आवाज न करता मळू लागले.

"वेडा झालास? या वयात? क्रेसेन्सा काय म्हणेल?"

"क्रेसेन्सा तुला चाळीस वर्षांपूर्वीच वेडी म्हणाली आहे."

"आणि हे घर?"

"घर सूनबाईचं आहे."

"कडी नीट लावता येत नाही तिला." मग त्या एकदम म्हणाल्या, "आणि पुलापलीकडे म्हणजे काय रे? माझ्या या खिडकीतून तुझी ती खिडकी दिसते. इथून उठून तिथे बसू? मी जन्मात कुठे गेले नाही, मार्टिन. तू तुर्कांपर्यंत जाऊन आलास आणि आता मला म्हणतोस, चल, पुलापलीकडे बसू! समुद्र दाखवशील तर बोल."

"समुद्र? आपोलेना, माझा गुडघा—"

"बघ. म्हणजे नाहीच."

"तू हो म्हणत असशील तर—"

"मी काही म्हणत नाही. मला या घरातून कोणी काढलेलं नाही. आणि पंखाचं मला काय विचारतोस? सुरी आता माझ्याकडे नाही. सुनेला विचार."

सफरचंद पोटात कोंबून त्यांनी हंस असा शिवला की दुसऱ्या दिवशी उसवताना मला कातरी लागली.

तो खरंच मला विचारायला आला. संध्याकाळी अंगणात, टोपी हातात घेऊन. हजारो स्वारांना हुकूम दिलेला माणूस, सरपणाच्या ढिगाशी पोरासारखा उभा. "सूनबाई, मला उद्या तंगडी मिळेल का? मला मागच्या खोलीजवळची ती कातड्याची खळ शिजवायची जागा दिलीत तरी चालेल. आपोलेना येत नाही म्हणते. मग मी इथेच तिच्या नजरेसमोर राहीन."

"बघते," मी म्हटलं.

सबंध रात्र नाही म्हणणार मी, पण दिवा मालवेपर्यंत विचार केला. हा थकला आहे, त्याला बसायचं आहे. त्या बसून थकल्या आहेत, त्यांना जायचं आहे. आणि दोघंही हट्टाने एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसणार, सेंट कॅथरिन येणार आणि जाणार. मग नाताळ, मग थंडी. या वयात पुढच्या थंडीचा भरवसा धरायचा नसतो. वर दोघंही माझ्याच घरात, माझ्याच कोबीवर नजर ठेवून. खोटं कशाला बोलू, तो विचारही माझ्या डोक्यात होताच.

शिमोनला म्हटलं, "आईंचं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? आई आहे, असेल."

शिमोन त्याच्या बापावर गेला आहे. सुया नसल्या तरी ओठ मिटलेलेच.

दुसऱ्या दिवशी टेबल मांडलं. भाजलेल्या हंसाची चरबी अजून तडतडत होती, कोबी, पिठाचे उकडलेले गोळे, नालाच्या आकाराचे खसखशीचे पाव, नवीन वाईन. शिमोन, आमची दोन मुलं, दुकानातला कारागीर, सासूबाई आणि जनरल. त्या वर्षी जाणारं कोणीच नव्हतं. पंख सुपात जाणार, हे सगळे धरून चालले होते. जनरलचं तेवढं माझ्या हाताकडे लक्ष.

मी आधी मुलांना वाढलं, मग शिमोनला तंगडी, कारागिराला दुसरी. जनरलच्या ताटात पंख ठेवला. त्याचा चेहरा पडला, पण सवयीने त्याने काटा उचलला. मग मी दुसरा पंख उचलला आणि सासूबाईंच्या ताटात ठेवला.

धाकटीसुद्धा चावायची थांबली.

"हे काय?" सासूबाई म्हणाल्या.

"पंख, आई."

"मला दिसतंय पंख आहे ते. मला?"

"रोझिना!" शिमोन उठलाच. त्याचे कान लाल झाले. "आईला? माझ्या आईला घराबाहेर काढतेस?"

"तू बस," मी म्हटलं. "मी आईंशी बोलते आहे."

"मी जन्मले त्या घरात," सासूबाई म्हणाल्या. आवाज फार हळू होता, आणि त्यांचा हळू आवाज मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हता. "याच टेबलावर."

"घर माझं आहे. तुम्हीच चाव्या दिल्यात. सुरीही दिलीत. सुरी ज्याच्या हातात तो ठरवतो, हे तुम्हीच मला शिकवलंत."

"आणि मी जाऊ कुठे?"

"ते मला काय विचारता? पंख दोन आहेत. दुसऱ्या पंखाला विचारा."

सगळ्यांनी जनरलकडे पाहिलं. त्याने तोंडातला घास एका गालात सारला.

"मला पण पंखच?" तो कसाबसा म्हणाला. "मी तर तंगडी मागितली होती, सूनबाई."

"तुम्हाला सवय आहे, जनरलसाहेब. आईंना नाही. त्यांना एकटीला कसं पाठवायचं?" आणि मग मी जितक्या सहज म्हणता येईल तितक्या सहज म्हटलं, "गाडी दाराशी उभीच आहे. पेट्या अजून उतरवल्या नाहीत. त्रिएस्तचा रस्ता गाडीवाल्याला माहीत आहे, दर वर्षी आपली कातडी आणतो तो. समुद्र बघून या. मग पुलापलीकडे नाहीतर कुठेही बसा."

सासूबाई त्या पंखाकडे बघत राहिल्या. तपकिरी, कुरकुरीत कातडी, कडेला चरबीचा एक थेंब. मी लग्न होऊन आल्यापासून त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही त्या रडल्या असं मी म्हणणार नाही. फक्त नाकाचा शेंडा लाल झाला.

"कोबीचं कोण बघणार?" त्या म्हणाल्या.

"मी."

"तू मीठ कमी घालतेस."

"घालीन. माझ्या घरात मी कमी घालीन."

"कडी?"

"वर उचलून लावायची."

मग त्यांनी दोन्ही हातांनी पंख उचलला आणि खायला सुरुवात केली. घाई नाही, शब्द नाही. सांधा मोडला, बारीक हाडांमधलं मांस दातांनी ओढून काढलं, हाडं चोखली, बोटं चाटली. टेबलावर दुसरं कोणी जेवत नव्हतं. शेवटी हाड ताटात ठेवून त्या म्हणाल्या, "यात काही नसतंच की खायला! एवढे लोक मी हे खाऊन पाठवले?"

"चाळीस वर्षं तेच सांगते आहे मी," जनरल म्हणाला.

सेंट कॅथरिनच्या चार दिवस आधी लग्न झालं. क्रेसेन्सा पहिल्या बाकावर बसून सगळ्यांच्या आधी रडली. नवरी-नवरा चर्चमधून थेट गाडीत बसले, कारण बर्फ सुरू झाला होता आणि गाडीवाला घाई करत होता. सासूबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढून मला काहीतरी ओरडून सांगितलं. बहुतेक तळघराचं असावं. मी मान हलवली.

घर पहिले काही दिवस मोठं झाल्यासारखं वाटलं. मग मी कोबीची चव घेतली आणि, काय म्हणावं, मूठभर मीठ आणखी घातलं.

उन्हाळ्यात ती दोघं परत आली. सासूबाई उन्हाने काळवंडलेल्या, जनरल काठी टेकत. पुलापलीकडचं घर त्यांनी घेतलं. गावातल्या बायका ओळीने समुद्राचं विचारायला गेल्या. सासूबाई म्हणाल्या, "ओला असतो," आणि इतक्या हसल्या की त्यांना बसावं लागलं. मग मला एकटीला स्वयंपाकघरात सांगितलं. पहिल्या दिवशी त्या सकाळपासून सांजेपर्यंत धक्क्यावर बसून होत्या, आणि मार्टिन शेजारी बसून झोपा काढत होता. "इतकं पाणी, रोझिना, आणि कोणाचंच नाही. कोणी झाकायला नको, कोणी भरायला नको."

त्या वर्षीच्या मार्टिनला ती दोघं पाहुणी म्हणून जेवायला आली. तो मागच्या दारातून, मोज्यांवर. सुरी घेऊन मी उभी राहिले आणि अडले. ही दोघं आता या घरची नव्हेत. घरच्या नसलेल्यांना काय वाढायचं, याचा नियम सालोमेनाआजींनी ठेवलेला नाही.

जनरल तंगडीकडे बघत होता, मांजर बघतं तसा. मी ती उचलून त्याच्या ताटात ठेवली. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग तंगडीकडे. काटा हातात घेतला, पण लावला नाही. जरा बघून घ्यायची होती.

"आणि तुम्हाला, आई?"

त्यांनी ताट पुढे केलं. "तुला माहीत आहे."

मी पंख वाढला. त्यांनी तो सांध्यात मोडला, कट्‌ असा आवाज झाला, आणि अर्धा तुकडा जनरलच्या तंगडीवर नेऊन ठेवला.

"आता कुठे?" तो म्हणाला. "आपोलेना, माझा गुडघा—"

"त्रिएस्तच्या धक्क्यावर तो खलाशी म्हणाला होता ना, तुझ्या बेटाकडे जहाजं जातात म्हणून. तू झोपला नव्हतास तेव्हा. मी पाहिलं तुझ्याकडे." त्यांनी हाडावरचं मांस ओढलं आणि चावत चावतच पुढे म्हणाल्या, "सगळ्यांच्या घरचं खाल्लंस. तुझं घर मी अजून पाहिलं नाही."

टेबलावर सगळे आपापलं खाऊ लागले, मुलं नालाच्या पावांवरून भांडू लागली, शिमोनने वाईन ओतली. जरा वेळाने मी पाहिलं, जनरलच्या ताटात तंगडी तशीच होती. तो पंख खात होता.